हेडसेट घ्यावा, पण कानाचा हिशोब करून

ईदीचे पैसे आमच्या घरी मुलांच्या स्वतंत्र डब्यांत राहतात. यंदा ईदनंतर नववीतल्या चिरंजीवांनी आपला डबा पुढे केला. "अब्बू, तारवाला गेमिंग हेडसेट घ्यायचाय. हजार-अकराशेत येतो."

आमचे पहिले उत्तर 'नाही' हेच होते. खेळासाठी एवढा खर्च म्हणजे इसराफ, असे आम्ही सुनावलेही. पण त्याच्या बहिणीने भावाची बाजू घेतली. ती दर रविवारी मोबाइलवर कुरआनचा धडा घेते. फोनच्या स्पीकरवर हाफिज साहेबांचे उच्चार नीट कळत नाहीत आणि तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांना गप्प बसावे लागते. एका वस्तूने दोघांचे काम होणार असेल तर पाहायला हरकत नाही, असे ठरले. अशीच मागणी अनेक घरांत झाली असेल, म्हणून या महिन्यात आमचा अनुभव मांडतो.

सोनईहून घोडेगाव आणि पुढे नगर असा प्रवास करून आम्ही बापलेक दुकानात पोहोचलो. खोक्यांवर तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या : '५० एमएम', '७.१' आणि 'आरजीबी'. ५० एमएम हा कानावरच्या कपातल्या, आवाज काढणाऱ्या तबकडीचा व्यास. पण पातेले मोठे घेतले म्हणून बिर्याणी चांगली होत नाही, तसेच हे आहे. ७.१ म्हणजे चहूबाजूंनी आवाज येण्याची सोय. साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून मात्र डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात, बाकीचा भास सॉफ्टवेअर निर्माण करते. आरजीबी म्हणजे रंगीत दिवे. पुष्कळ स्वस्त हेडसेटना एक वेगळी यूएसबी पिन असते, ती केवळ हे दिवे लावण्यासाठी. मोबाइलवर खेळणाऱ्याने ती लोंबकळत ठेवायची. थोडक्यात, या तीन शब्दांचे पैसे मोजायचे कारण नाही.

मग पाहायचे काय? आधी पिन पाहा. पिनेवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर ऐकणे आणि बोलणे दोन्ही त्या एकाच पिनेतून होते. मोबाइलला हीच लागते. दोन वेगळ्या पिना असतील तर तो हेडसेट संगणकासाठीचा समजा. मोबाइलला लावायचा तर वेगळा जोड घ्यावा लागेल. हल्लीच्या अनेक फोनना गोल भोकच नसते. त्यांच्यासाठी टाइप-सीचा जोड लागतो. तो खर्च आधीच धरा.

तारेचा कमीपणा मानू नका. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, खेळताना मात्र गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. तारेच्या हेडसेटला ही अडचण नाही, शिवाय चार्जिंगची कटकट नाही. वीज गेली तरी धडा थांबत नाही. तार बहुधा पिनेजवळच तुटते, म्हणून तिथला रबराचा भाग जाड आहे का, हे हाताने वाकवून पाहा.

तिसरी गोष्ट कानावर बसण्याची. दुकानात दहा मिनिटे तरी घालून उभे राहा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला, कारण काड्या दाबल्या गेल्या की अर्ध्या तासात कानशिले दुखतात. मुलगी धड्याला ओढणी डोक्यावर घेऊन बसत असेल तर तिने ओढणीवरूनच घालून पाहावा. मध्ये जाड कापड आले की कप कानाला नीट टेकत नाही, आवाज दबतो आणि मग तो वाढवला जातो. कप कानाभोवती चांगला टेकला तर पंख्याची, रस्त्याची खरखर बाहेर राहते आणि कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते. आमच्या मते खोक्यावर न छापलेला हाच गुण सर्वांत मोलाचा आहे.

माइकची परीक्षा घरी घेतली. चिरंजीवांना 'साठ, शाळा, षटकोन' म्हणायला लावले, मुलीला काफ आणि क़ाफ, सीन आणि शीन. ते फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या खोलीत ऐकले. अक्षरे वेगळी ओळखू आली. 'फ' म्हणताना मात्र श्वासाचा फुसफुसाट येत होता. माइक ओठांसमोरून दोन बोटे बाजूला केल्यावर तोही गेला. अकराशे रुपयांत आणखी काय हवे? उन्हाळ्यात त्याच्या रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामेजतात, एवढीच तक्रार.

इथे हा लेख संपला असता. पण तिसऱ्या दिवशी मगरिबच्या वेळी आम्ही चिरंजीवांना दोनदा हाक मारली. ते हातभर अंतरावर बसलेले, उत्तर नाही. शेजारी आमचे अब्बा होते. त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हेडसेट उचलला, आपल्या चांगल्या कानाला लावला आणि लगेच काढला. म्हणाले, "ये तो चक्कीच है, बेटा!"

अब्बांनी तीस वर्षे पिठाची गिरणी चालवली. गिरणीचा आवाज रोजचा, सवयीचा. कान दुखला नाही, रक्त आले नाही. म्हणून कान जातोय हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. आज त्यांना अजान ऐकू येते, पण शेजारी बसलेला नातू काय बोलतो ते कळत नाही. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

त्या रात्री इशानंतर आम्ही फळ्यावर करतो तसा हिशोब वहीत केला. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, अशी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ७८ डेसिबलला २० तास, ८१ला १०, ८४ला फक्त ५. आता खेळाकडे पाहा. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया २०२१मध्ये आपल्याकडे आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी रोज तीन तासांची मर्यादा ठेवली गेली. रोज तीन म्हणजे आठवड्याला २१ तास. आवाज ७८ डेसिबल असेल तर तेवढ्यातच कानाचा आठवडाभराचा कोटा संपला. धडा, गाणी, व्हिडिओ अजून बाकीच. ८४ डेसिबल असेल तर सोमवारी सुरू झालेला कोटा मंगळवारीच संपतो.

चिरंजीवांनी वही दोनदा तपासली. चूक सापडली नाही. मग आम्ही मिळून चार गोष्टी ठरवल्या. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. काही फोनमध्ये ही मर्यादा बांधून ठेवता येते, ती बांधली. खेळ रोज एकच तास, आणि तोही मगरिबच्या आधी संपवायचा. हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली नाही, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच बंद. खेळानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे झाले तर लपवायचे नाही, लगेच सांगायचे; तसे वारंवार झाले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचे. हाक मारण्याचे काम अब्बांनी स्वतःकडे घेतले आहे आणि ते फार मनावर घेतले आहे.

कुरआनमध्ये ऐकणे, पाहणे आणि मन या तिन्हींबद्दल जाब विचारला जाईल, असा इशारा आहे. काय ऐकले, याचा विचार आपण त्यावरून करतो. कान ही अमानत आहे, ती कशी वापरली, हाही प्रश्न त्यातच आला, असे आम्हांला वाटते.

तेव्हा हेडसेट घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या, घरातला फोन न्या, चष्मा आणि ओढणी न्या. पट्टे मोजा, तार वाकवून पाहा, दहा मिनिटे घालून उभे राहा. आणि त्या दहा मिनिटांत त्याच्या मागे उभे राहून हळूच एक हाक मारून पाहा.