वेगाचा हिशेब, नेमाची कसोटी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि महाराष्ट्रातील घराघरांत आनंद साजरा झाला. तो उचितच होता. परंतु पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातव्या स्थानी असलेला हा नेमबाज अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर तिसरा कसा ठरला, हे किती घरांत उमगले? पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरीत धरले जात नाहीत. तेथे प्रत्येकाला शून्यापासून आरंभ करावा लागतो. एवढे साधे सूत्र ठाऊक नसेल, तर विजयाचे खरे मोलही कळत नाही. पदक सर्वांना दिसते. ज्या मोजपट्टीने ते मिळाले, ती मात्र दृष्टीआड राहते.

नेमबाजीची एक शाखा अशी आहे, की जिच्यात ही मोजपट्टीच सर्वांत बोधप्रद आहे. ती म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. या क्रीडाप्रकाराच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या कोलंबिया नगरात झाली व जेफ कूपर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती आणि वेग या तीन गुणांचा समतोल हेच महासंघाचे ब्रीद. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. येथे नेमबाज एका जागी स्थिर उभा राहत नाही. तो धावतो, आडोशामागून नेम धरतो, प्रसंगी केवळ दुबळ्या हाताने गोळी झाडतो. अर्जुनाला सव्यसाची का म्हणत, याचा उलगडा अशा वेळी होतो.

पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर आल्फा, चार्ली आणि डेल्टा असे तीन विभाग असतात. आल्फाला ५ गुण. कमी शक्तीच्या काडतुसासाठी चार्लीला ३ व डेल्टाला १. अधिक शक्तीच्या काडतुसासाठी हेच गुण ४ व २ होतात. शक्तीही केवळ शब्दावर मानली जात नाही. गोळीचे वजन आणि तिचा वेग प्रत्यक्ष मोजून ती ठरते. नेम चुकला तर १० गुण वजा. ज्या लक्ष्यावर गोळी झाडायची नाही, त्याला ती लागली तरी १० वजा. शेवटी उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. येणारा भागाकार म्हणजे ‘हिट फॅक्टर’.

बारा गोळ्यांचा, म्हणजे ६० गुणांचा एक टप्पा घ्या. पहिल्या स्पर्धकाने बाराही गोळ्या आल्फात मारल्या, पण १२ सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ५. दुसऱ्याने आठ आल्फा व चार चार्ली मारून ५२ गुण मिळवले, पण अवघ्या ८ सेकंदांत. त्याचा हिट फॅक्टर ६.५. तिसरा ७ सेकंदांत मोकळा झाला. मात्र दहा आल्फांबरोबर त्याच्या दोन गोळ्या वाया गेल्या. पन्नासातून वीस वजा होऊन ३० उरले. हिट फॅक्टर जेमतेम ४.२९. टप्प्याचे पूर्ण ६० गुण दुसऱ्याला मिळतात, इतरांना त्याच्या प्रमाणात. पहिल्याच्या वाट्याला सुमारे ४६ येतात, तिसऱ्याच्या वाट्याला ४० हूनही थोडे कमी. निर्दोष पण संथ नेमबाज मागे पडला. सर्वांत वेगवान नेमबाज तर शेवटचा ठरला.

या गणिताचे मर्म आणखी खोल आहे. हिट फॅक्टर ५ असताना एक सेकंद पाच गुणांचा. आल्फाऐवजी चार्ली लागल्याने दोन गुण, म्हणजे ०.४ सेकंदाची हानी होते. ती भरून काढता येते. परंतु एक नेम पूर्ण चुकला, तर मिळायचे पाच जातात आणि वर दहा वजा होतात. पंधरा गुण, म्हणजे तब्बल तीन सेकंद! किंचित उणीव क्षम्य आहे, बेफिकिरी नाही, हा भेद ही पद्धती आकड्यांत मांडते.

आणि या सर्व हिशेबाच्या वर एक नियम आहे, ज्याला भागाकार लागू नाही. नळीचे तोंड सुरक्षित कोनाबाहेर वळले किंवा अनवधानाने गोळी सुटली, तर स्पर्धक, मग तो आघाडीवर का असेना, संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. कौशल्याचे गुण असतात, संयमाचे नसतात. संयम ही प्रवेशाचीच अट आहे.

आज अनेक पालक आपल्या मुलांना नेमबाजीच्या प्रशिक्षणाला धाडतात. घरी परतलेल्या मुलाला पहिला प्रश्न मात्र असतो, ‘पदक मिळाले का?’ तो कितवा आला एवढेच विचारणारे घर त्याला घाई शिकवते किंवा भय. कोणत्या क्षणी वेळ गेला, कोणता नेम ढळला आणि शस्त्र हाती असताना चित्त स्थिर होते का, हे विचारणारे घर नेमबाज घडवते. मोजपट्टी जशी, तशी माणसे. ती समजून घेणे हा यशाचा गौरव करणाऱ्या समाजाचा पहिला अभ्यास होय.