पाहणे आणि वाचणे

तिघरा जलाशयाकाठी आपणां ग्वाल्हेरकरांस पाण्याचा पृष्ठभागच दिसतो. आमच्या गोव्याकडील ट्रॉलरांवर ध्वनियंत्राचा पडदा तळाचाही ठाव देतो. परंतु तो पडदा म्हणजे छायाचित्र नव्हे. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी परतण्याच्या वेळेवरून खोली कळते. पडद्याची उजवी कड तेवढी या क्षणाची. डावीकडचे सारे मागे पडलेले. चालत्या होडीखालील मासा आधी दूर, मग जवळ, पुन्हा दूर होतो. त्याची कमान उमटते. स्थिर होडीखाली थबकलेला लहान मासाही लांब रेघ काढतो!

यास्तव, यंत्र हाती घेण्यापूर्वी त्याचे वाचन शिकावे, असे आमचे मत आहे. शिवाय पडदा मासा दाखवील. तो अंडी घालावयास आला आहे, हे सांगणार नाही. जाळे कधी आवरावे, हे माणसानेच जाणावयाचे.