राबात प्लास्टिक, आणि कराराची सही



आज राब भाजायला घेतला. शेण, त्यावर कवळं, त्यावर पातेरा, वरून बारीक माती. दरवर्षीचंच काम. यंदा फक्त पेटवायच्या आधी पातेरा हाताने चाळत बसलो. पाच डालग्यांतून एक घमेलं भरून निघालं. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, थर्माकोलचे तुकडे. इतकी वर्षं हे सगळं न बघता पेटवत आलो, मीसुद्धा. आणि त्याच राखेत भाताचं बी टाकत आलो.

म्हणून आज हवामान-बियाणं बाजूला. आपल्याकडे सध्या जे बोलणं चाललंय त्याच्यावर लिहितो. गडाच्या पायथ्याच्या गावांनी कचऱ्याचं काम एकत्र करायचं, एक गाडी, एक शेड, एक करार. माझं मत आधीच सांगतो: करार झालाच पाहिजे. पण ज्या घाईत आणि ज्या अर्धवट कागदावर तो करायचं चाललंय, त्यावर आत्ता सही करू नये.

आधी विरोधकांचं घेऊ. "कचरा पर्यटकांचा, आपण का उचलायचा?" हे वाक्य पारावर दहा वेळा ऐकलं. बरोबर आहे, कचरा त्यांचा. पण खाचर कोणाचं? रायगडाच्या एका अंगाने काळ नदी, दुसऱ्या अंगाने गांधारी, आणि दोघी शेवटी सावित्रीतच जातात. वर टाकलेली बाटली पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला, ओढ्यातून बांधावर, नाहीतर खाचराच्या मोरीत. मोरी तुंबली की पाणी बांध फोडून जातं, मग लावणीच्या दिवसांत माणसं लावून बांध घालत बसा. गुरं तर पिशवी खातातच. ज्या कड्यावरून हिरकणी उतरली म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, त्या कड्याखालची झाडी एकदा पावसाआधी फिरून बघा.

वेळ पण लक्षात घ्या. राज्याभिषेकाची सगळ्यात मोठी गर्दी ६ जूनची. तिथीप्रमाणे म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला दुसरी, ती पण बहुतेक जूनच्या आगेमागेच. आणि मृगाचा पाऊस त्याच आठवड्यात. म्हणजे वर्षातला सर्वांत जास्त कचरा आणि वर्षातलं पहिलं वाहतं पाणी, यांच्यात चार-आठ दिवसांचं अंतर. रोपवे १९९६ पासून आहे, गर्दी तेव्हापासून वाढतेच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत रायगड गेला, आनंदच आहे, पेढे मीही वाटले. आता गर्दी आणखी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही, हा साधा हिशोब आहे. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत धरले होते. आठशे वस्तीचं गाव धरा, ४८ हजार रुपये झाले. एवढ्यात जुना टेम्पोसुद्धा येत नाही. शिवाय हा हिशोब गावच्या डोक्यांवर, गडावर येणारी डोकी त्यात नाहीतच. म्हणूनच प्लास्टिकचं केंद्र तालुक्याला एक, १६ लाखांपर्यंत, असं सरकारनेच ठरवलं होतं. वाटून घ्यायचंच काम आहे ते. सुटं प्लास्टिक म्हणजे हवा. गठ्ठे बांधायचं मशीन नसेल तर टेम्पो भरून वजन काही येत नाही, आणि डिझेल आपलं जळतं. बाटल्या भंगारवाला घेईल. वेफर्सची चकचकीत पाकिटं कोणी फुकट घेत नाही, ती शेवटी सिमेंटच्या भट्टीत जातात, आणि भट्ट्या आहेत विदर्भात. तिथवरचं भाडं कोण देणार, हे आजच्या मसुद्यात कुठेच नाही. मी विचारलं तर "ते नंतर बघू".

हे "नंतर बघू" म्हणजे काय, ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शेतकऱ्यांना विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडला, विहिरींचं पाणी बिघडलं, २०१७ मध्ये आग लागल्यावर गावांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला जाग आली. साळगावचा गोव्यातला प्रकल्प त्यामानाने चांगला. किनाऱ्यावरच्या अनेक पंचायतींचा कचरा एकत्र घेतो, गॅस करतो, वीज करतो. पण २०१६ ला १०० टनांचा होता, पुढे २५० टनांचा झाला. ज्या गावात शेड आहे त्याने वरची मर्यादा कागदावर घेतली नाही, तर आकडा वाढत जातो. उद्या महाड शहराची गाडी पण आपल्याच शेडकडे वळली तर कोणत्या कलमाने थांबवणार?

आपल्याकडे शेडसाठी गुरचरण सुचवलं जातंय, ओढ्याच्या वरच्या अंगाला. "मोकळीच जागा आहे." मोकळी? गुरं कुठे चरतात मग? आणि २०२१ च्या २२ जुलैला महाडात काय झालं ते बघूनही जर कोणी वाहत्या पाण्याशेजारी कचरा साठवायला सांगत असेल, तर त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याला फक्त तो ओढा आषाढात नेऊन दाखवावा.

ओल्या कचऱ्याचं खत शेतकऱ्यांना देऊ, हे पण गोड बोलणं. कृषी खात्यातले मित्र हे वाचतात, त्यांना माहीत आहे: खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तपासणीचा कागद असेल तर मी पैसे देऊन नेईन. नसेल तर माझ्या नाचणीला माझं शेणखत पुरे. जेवणावळीच्या हॉटेलांनी ओला कचरा वेगळा दिला तर तो चांगला कुजतो, एक प्लास्टिकचा चमचा मिसळला की गेलं. वेंगुर्ल्याचा डेपो लोक तिकीट काढून बघायला जातात, तिथलं गुपित यंत्रात नाही. घरातूनच कचरा वेगळा होऊन येतो.

आता पैसे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ऐतिहासिक ठिकाणं स्पष्ट लिहून घेतली होती. परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसं जमवणाऱ्याने स्थानिक संस्थेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हेही त्यातच. मग सोहळे भरवणारे, गडावर तिकीट घेणारे, खाली वाहनतळ चालवणारे, हे करारात फक्त "सहकार्य करतील" असं का? सहकार्य म्हणजे किती रुपये? आमची पंचायत घरपट्टीतून किती देणार तो आकडा मात्र लिहिलाय, अगदी पैशापर्यंत.

माझं म्हणणं एवढंच. गाडी वजनकाट्यावरून जाऊ दे, ज्याचं जितकं वजन त्याने तितकं द्यावं, गर्दीच्या दिवसांचं वजन ज्यांची गर्दी त्यांच्या नावावर. शेड विहिरी आणि ओढ्यांपासून लांब, छपराखाली, पक्क्या तळाची. वरची मर्यादा टनांत लिहायची. आणि समितीवर खालच्या अंगाचे, ज्यांच्या खाचरात पाणी उतरतं असे दोन शेतकरी, त्यात एक बाई, कारण पातेरा गोळा करायला त्याच जातात आणि कचरा कुठे साठतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी सांगावं यातलं काय सोडायचं, मी ऐकतो. वजनकाटा मात्र सोडणार नाही.

१ मेच्या ग्रामसभेला विषय येणार आहे. त्यानंतर ६ जूनला पाच आठवडे उरतात. करार तोवर नाही जमला तरी गर्दीच्या दिवसांपुरता तरी कागद करता येईल, गोणपाटाच्या पिशव्या आणि दोन टेम्पो, खर्च सोहळेवाल्यांचा. ते घमेलं मी फेकलेलं नाही. ग्रामसभेत टेबलावर ठेवणार आहे. तुमच्या राबातून निघेल ते तुम्ही पण घेऊन या, वजन करू.