दर्या, दऱ्या आणि मागील प्रती

पाठचिकित्सा शिकविताना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी एक प्रश्न विचारतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सारेच सांगतो. पण त्यांनी नेमके काय बदलले? वर्गात शांतता पसरते आणि ती योग्यच असते. कोणती ओवी त्यांना अशुद्ध वाटली, कोणत्या प्रतीच्या आधारे ती दुरुस्त केली, दोन पाठांपुढे त्यांचे मन कोठे अडले, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आपल्या हाती शुद्धीकरणाचे फलित आहे, शुद्धीकरण नाही. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्याविषयीचा वाद या रिकाम्या जागेतूनच उगवला. याउलट भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९१९ ते १९६६) पाहावी. १२५९ हस्तलिखिते विचारात घेऊन संपादकांनी वर संहिता दिली आणि तळाशी नाकारलेले पाठही दिले. संपादकांशी मतभेद असणाऱ्याला त्याच पानावर उभे राहून भांडता येते.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण पोथी नव्हे, हर्णे बंदर आहे.

हर्णे, पाजपंढरी आणि आंजर्ले या भागांतून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून काही वर्षांपूर्वी आम्ही बंदरातील शब्दांचा संग्रह आरंभिला. सुवर्णदुर्ग पाहायला येणारे पर्यटक लिलाव पाहतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. लिलावात बोलली जाणारी भाषा मात्र कोणी टिपून घेत नाही. होड्या किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या, मासळी बैलगाडीतून वाळूवर आलेली, टोपल्यांभोवती माणसांचे कडे, आणि त्या कड्यात कोळ्यांची, दालद्यांची व व्यापाऱ्यांची बोली एकमेकींत मिसळलेली. प्रारंभी नोंदी वह्यांत होत्या. आमची एक माजी विद्यार्थिनी (हर्ण्याचीच, घरात दोन पिढ्या मासेमारी) तोवर मराठीकडून संगणकाकडे वळली होती. तिने सुचविले, की शब्दसंग्रह साध्या मजकुराच्या फायलींत लिहावा आणि त्या फायली ‘गिट’ या प्रणालीत ठेवाव्यात.

साहित्याच्या वाचकाला गिट समजावून सांगणे मला वाटले होते तितके कठीण नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ही प्रणाली रचली. मजकुरात केलेला प्रत्येक बदल तीत स्वतंत्र नोंद होऊन बसतो: कोणी केला, केव्हा केला, कोणती ओळ गेली, कोणती आली, आणि का, याचे एखादे वाक्य. पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिकेत आपले नाव, शक, तिथी आणि गाव लिहितो, तशी प्रत्येक दुरुस्तीला तिची पुष्पिका. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-अंकांचे ओळखचिन्ह असते आणि ते आधीच्या नोंदीच्या चिन्हावरही अवलंबून असते. म्हणून मधलीच एखादी नोंद गुपचूप बदलता येत नाही. बदलली तर पुढची सारी चिन्हे बदलतात. शिवाय जो कोणी हे भांडार आपल्या संगणकावर उतरवून घेतो, त्याच्याकडे नुसती शेवटची प्रत येत नाही, आरंभापासूनचा सगळा इतिहास येतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली तालुक्याने ते कसे सोसले, हे येथे सांगत नाही. आमच्यापुरते इतकेच, की ज्या खोलीत वह्या होत्या तिचे छप्पर उडाले आणि वह्यांचा लगदा झाला. भांडार दूर कोठल्याशा सर्व्हरवर होते, म्हणून वाचले. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे ते वाचले आहे हे कळायलाही वेळ लागला.

गेल्या वर्षी वेगळेच संकट आले. ज्यांच्या यंत्रावर हे भांडार होते त्यांनी कळविले, की आमची सेवा बंद होत आहे, आपला मजकूर अन्यत्र हलवावा. यात नवल काही नाही. गुगल कोड २०१६ मध्ये बंद झाले, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. पुण्यात वाढलेल्या ‘लोहित’ या मुक्त देवनागरी टंकाचे भांडार ज्या फेडोराहोस्टेडवर होते, तेही २०१७ मध्ये मिटले. लोहितचे भांडार पुढे पॅगुरवर गेले. हर्ण्याच्या माणसाला या स्थलांतराचे अप्रूप नसावे. समुद्र खवळला की येथल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात आणि जाताना जाळी, दोर, नांगर मागे ठेवून जात नाहीत.

आमच्या विभागात मात्र वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की शेवटची तयार प्रत तेवढी नव्या जागी ठेवावी. मागचा कचरा कशाला वाहायचा? अहवालाला जोडायला तीच लागते, छापायलाही तीच. त्यांचे मत मी हसण्यावारी नेत नाही. खुद्द टोरवाल्ड्स यांनी हेच केले होते. लिनक्सच्या भांडारातील पहिल्याच नोंदीत त्यांनी लिहून ठेवले आहे, की जुना इतिहास उपलब्ध असूनही आपण तो येथे आणत नाही. त्याचा आकार फार होता आणि काम निकडीचे होते. पण गोष्ट तेथे संपली नाही. तो जुना इतिहास इतरांनी पुढे गिटमध्ये रूपांतरित करून वेगळ्या भांडारात ठेवला, आणि आज दोन्ही जोडून वाचता येतात. ज्याला त्या क्षणी ओझे वाटले, त्याची गरज दुसऱ्या कोणाला तरी पडली.

आमच्याकडे तर आकाराचीही सबब नव्हती. समग्र इतिहासासह भांडार हलविणे हे एका आज्ञेचे आणि काही मिनिटांचे काम होते. मग शेवटच्या प्रतीचा मोह मलाही का पडला, हे सांगायला हवे.

संग्रहातील आरंभीच्या फायली जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेल्या होत्या. त्यांचे रूपांतर करताना सॉफ्टवेअरने सगळे चंद्राकार रफार उडविले: ‘वाऱ्याचा’ चे ‘वार्याचा’ झाले, ‘किनाऱ्यावर’ चे ‘किनार्यावर’. शुद्धलेखनाचा अभिमान बाळगणाऱ्या मी एका रात्री सर्व फायलींत ‘र्य’ च्या जागी ‘ऱ्य’ सरसकट घातला. वाऱ्याचा नीट झाला. पण त्याबरोबर सूर्याचा ‘सूऱ्य’ झाला आणि बंदराच्या शब्दसंग्रहात, जेथे व्हायला नको तेथेच, दर्याच्या दऱ्या झाल्या. दऱ्यावर्दी, दऱ्यासारंग. मराठीत या दोन शब्दांमधले अंतर डोंगर आणि समुद्र यांच्याइतके आहे, हे मी वर्गात शिकवितो. ही चूक कित्येक महिने कोणाच्या ध्यानात आली नाही. त्या विद्यार्थिनीच्या ध्यानात आली. तिने इतिहास मागे चाळून नेमकी कोणती नोंद कारणीभूत आहे ते शोधले, एकेक शब्द तपासून दुरुस्त केला आणि नोंदीत लिहिले: “सरांनी सरसकट बदल केला होता. दऱ्या डोंगरात असतात.”

शेवटची प्रत तेवढी हलविली असती तर नव्या जागी एकच नोंद दिसली असती, आणि हलविणारा मी असल्यामुळे ती माझ्या नावावर असती. माझी चूक नाहीशी. तिची दुरुस्तीही नाहीशी. पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत घरोघरी बसून शब्द गोळा करणाऱ्या सगळ्या मुलांची नावे फार तर प्रस्तावनेतल्या आभाराच्या एका वाक्यात गेली असती. आपल्या विद्यापीठीय व्यवहारात हे किती सहज घडते, ते या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. प्रकल्प विद्यार्थ्यांचा, ग्रंथ मार्गदर्शकांचा. येथे प्रथमच असे एक साधन हाती आहे, की ज्यात कोणती ओळ कोणी लिहिली ते आपोआप राहते. ते पुसायचे तर मुद्दाम पुसावे लागते. मग ‘तयार प्रत’ या गोंडस नावाखाली ते पुसणाऱ्याने निदान आपण काय पुसतो आहोत ते जाणून पुसावे.

तरीही सगळाच इतिहास नेणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. ‘उचल’ या शब्दाखाली उदाहरण म्हणून एका मुलाने ऐकलेले वाक्य जसेच्या तसे टिपले होते. त्यात कोणी, कोणाकडून, किती पैसे उचलले ते आले होते. पुढे ते वाक्य काढले गेले, पण इतिहासातून नव्हे. जी बाई ते बोलली होती तिच्या मुलाने ते सर्वस्वी काढून टाकण्याची विनंती केली. त्याचे म्हणणे रास्त होते. आमच्या चिकित्सेसाठी त्याच्या घरचे देणेघेणे जगभर फिरण्याचे कारण नाही. तेव्हा हलविण्यापूर्वी आम्ही ते वाक्य इतिहासातूनही काढले. त्यामुळे त्यापुढच्या प्रत्येक नोंदीचे ओळखचिन्ह बदलले. जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, आणि तो पिवळा डाग येथे काही होते हे सांगत राही. त्याच धर्तीवर एक फाइल आम्ही ठेवली आहे: अमुक शब्दाखालील एक उदाहरण खाजगी मजकुरामुळे काढले, दिनांक, काढणाऱ्यांची नावे.

दुसरी अडचण मला आधी ठाऊकच नव्हती. शब्दांविषयीच्या आमच्या चर्चा त्या सेवेच्या चर्चापानांवर चालत, आणि ती पाने भांडाराचा भाग नसतात. यजमान गेला की त्याही जातात. खरे तर संग्रहाचा जीव तेथेच होता. ‘नाखवा’ आणि ‘तांडेल’ एकच, असे एकाने लिहिले होते. दुसऱ्याने पाजपंढरीच्या एका वृद्ध तांडेलांना विचारून त्यांचे उत्तर नोंदविले होते: “नाखवा तो नाखवा नि तांडेल तो तांडेल, मास्तर. होडी कोणाची नि माणसं कोणाच्या शब्दावर चालतात, ते वेगळं.” तिसऱ्याने, दालदी वस्तीतील मुलाने, आपल्या घरी हा भेद असा पाळत नाहीत असे लिहिले होते. ही पाने मुलांनी दोन रविवार बसून हाताने उतरविली, प्रत्येक मतापुढे बोलणाऱ्याचे नाव व दिनांक लिहून, आणि ती फाइल आता भांडारातच असते. यापुढे चर्चा तेथेच लिहायची असे ठरविले आहे. थोडे गैरसोयीचे आहे, पण यजमान बदलला तरी ती बरोबर येईल.

भांडार नव्या जागी गेले. एक प्रत महाविद्यालयाच्या संगणकावर आहे, एक त्या विद्यार्थिनीकडे पुण्यात, एक माझ्याकडे. दऱ्यांविषयीच्या तिच्या नोंदीचे चिन्ह बदलले आहे; वाक्य तसेच आहे आणि नवे विद्यार्थी ते एकमेकांना दाखवितात. नाखवा-तांडेलांचा प्रश्न सुटलेला नाही. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की हर्ण्यात पुन्हा विचारायला जायचे आहे.