पेन्सिल मोडा!

मुलाच्या केसांत पेन्सिल खोचायची आणि डोकं हलवायला सांगायचं. पेन्सिल खाली पडली तर पोर गोरं, अडकून राहिली तर नाही! दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वर्णवारी लावली, तेव्हा अशा चाचण्या खरोखर झाल्या. सँड्रा लँग ही गोऱ्या आईबापांची मुलगी. पण कांती सावळी, केस कुरळे. १९६६ मध्ये, जेमतेम दहा वर्षांची असताना, तिला शाळेतून काढलं आणि पोलिसांनी घरी आणून सोडलं. आईबाप तेच, घर तेच. सरकारदरबारी मात्र तिचा वर्ण बदलला होता.

तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. पण केसांवरची नजर हटली का? ऑगस्ट २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या सरकारी शाळेत काळ्या मुलींनी निदर्शनं केली. त्यांचे केस निसर्गतः जसे वाढतात तसे ठेवणं शिस्तीत बसत नव्हतं. आपसात मायबोलीत बोललं तरी टोकलं जातं, ही त्यांची तक्रार. सुरक्षारक्षकांपुढे झुलेखा पटेल ही १३ वर्षांची मुलगी दोन्ही मुठी डोक्यावर फुलीसारख्या धरून उभी राहिली. केसांचा तो नियम स्थगित करावा लागला. तेरा वर्षांच्या पोरीने जे केलं, ते तिच्याआधी मोठ्यांनी करायला हवं होतं!

आणि मारा एकाच बाजूने होत नाही. शाळेच्या अपेक्षेप्रमाणे सफाईदार इंग्रजी बोलावं, तर वस्तीत 'नारळ' म्हणून हिणवतात: वरून तपकिरी, आतून पांढरी. हा घाव मला अधिक खोल वाटतो, कारण तो आपल्याच माणसांकडून येतो. असे घाव माणसाला आतून पोखरतात, हे वर्णभेदाविरुद्ध लढणारे तरुण नेते स्टीव्ह बिको ओळखून होते. काळ्या माणसाने आधी मनातला न्यूनगंड झुगारावा, आपलं मोल दुसऱ्याच्या मापाने ठरवू नये, हे ते तरुणांना जीव तोडून सांगत राहिले. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीतल्या मारहाणीने त्यांचा बळी घेतला. वय होतं अवघं ३० वर्षं.

मराठी माणसा, हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून हात झटकू नकोस. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं. तो वारसा आपण सांगतो; मग आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला खोली नाकारली जाते, तेव्हा आपण कुठे असतो? सोसायटीच्या सभेत उभे राहा आणि त्याच्या बाजूने बोला. वर्गात एखाद्या लेकराच्या रंगावरून, केसांवरून कुणी हसलं, तर गुरुजींनो, बाईंनो, धडा तिथेच थांबवा आणि आधी ते हसणं थांबवा. आयांनो, बापांनो, 'काळी' हा शब्द शिवीसारखा वापरणं आजपासून बंद करा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी वापरला तर त्यांनाही बेधडक अडवा. उठा, पोरांनी मुठी उगारायची वेळ येण्याआधी उठा!