जंगल आवडतं, पण महिनाअखेरचं काय?

जुलैचे पहिले दोन-तीन दणकून पाऊस झाले की वाडीत एक फोन हमखास वाजतो. खडगाव रोडच्या किंवा अमरावती रोडच्या कुठल्याशा गोदामात साप निघालेला असतो. हमाल बाहेर उभे, माल आत अडकलेला, ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. अन् फोन जातो कुणाला? वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फार कमी वेळा. तो जातो बीएस्सी सेकंड इयरला असलेल्या एखाद्या पोराला. ‘भाऊ, लवकर ये ना, लय मोठा नाग आहे.’

बऱ्याचदा तो नाग नसतोच, धामण असते. बिनविषारी. गोदामात धान्य आणि पशुखाद्य आलं की उंदीर येतात, उंदरांच्या मागे धामण येते. साधा हिशेब आहे. ज्या लाव्ह्याच्या टेकड्यांतून नाग नदी निघते, त्या वाडीच्या अगदी उशाशी. नागाचं नाव मिरवणारी नदी, तिच्यावरून नाव मिळालेलं शहर, पण साप दिसला की पहिला हात जातो काठीकडे. तो काठीचा हात थांबवणारं कुणीतरी लागतं, आणि आपल्याकडे ते काम कॉलेजची पोरं-पोरी करतात. स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून.

असा एखादा मित्र किंवा मैत्रीण तुमच्या वर्गात असणारच. कदाचित तो तुम्हीच असाल. त्याच्याबद्दल साधारण दोन प्रकारे बोललं जातं. मित्रांमध्ये तो हिरो असतो, कारण त्याच्या मोबाइलमध्ये अजगराचा व्हिडिओ असतो. घरी मात्र रोज एकच प्रश्न असतो, ‘याच्यात पोट भरणार आहे का?’ आमचं स्पष्ट मत आहे की या दोघांत घरचा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे. तो टोमणा समजून सोडून देऊ नका. त्याचं उत्तर शोधा, आणि उत्तर द्यायची जबाबदारी फक्त तुमचीच नाही, हेही लक्षात ठेवा.

आधी हे काम रोजच्या रोज दिसतं कसं, ते बघू. सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना परत सोडणारं. ‘टीटीसी’ म्हणून नागपुरातल्या निसर्गप्रेमी पोरांना ते पाठ असतं. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात बिबट्या असतो. हातात मात्र येतो झाडू. पिंजरे धुणं, पाण्याची भांडी घासणं, पपई बारीक चिरणं, पिल्लांना दर थोड्या वेळानं भरवणं, वजन करणं आणि रजिस्टर लिहिणं. कुठून आणलं, कधी, कुणी, जखम कुठली, औषध काय दिलं, कधी सोडलं. किंवा सोडता आलं नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात तर विचारू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच देशभर बंदी घातली. तरी दरवर्षी जानेवारीत पंख चिरलेल्या घारी, बगळे, घुबडं येतच राहतात. घारीचा पंख वरवर फाटला असेल तर टाके घालता येतात. पण आतली शीर किंवा स्नायूचा दोर तुटला, तर ती घार जगते आणि तरीही पुन्हा उडत नाही. विशीतल्या पोरांना हे पचवणं सोपं नसतं. एखादी पोरगी आठवडाभर एका घुबडाला भरवते अन् आठव्या दिवशी सकाळी ते मेलेलं असतं. याचं ट्रेनिंग कुठल्याच सर्टिफिकेट कोर्सात मिळत नाही.

मे महिन्यात वेगळीच तऱ्हा. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की पक्षी झाडांवरून अक्षरशः टपकतात. त्यात भरीस भर म्हणून प्रेमळ लोक खोक्यांत पिल्लं घालून आणतात. त्यातली बरीच अनाथ नसतातच. नुकतंच उडायला शिकणारं पिल्लू जमिनीवर असतं, आई-बाप जवळच्या फांदीवर ओरडत असतात, आणि आपण माया करायला जाऊन त्याची ताटातूट करतो. अशा वेळी स्वयंसेवकाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘काका, हे जिथून आणलं तिथंच नेऊन ठेवा’ हे न चिडता सांगणं. फोनवर सांगणं तर आणखी कठीण. या क्षेत्रात निम्मं काम माणसांशी बोलण्याचं असतं, हे कुणी सांगत नाही. (ज्यांना माणसं नकोशी झाली म्हणून जंगलात जायचंय, त्यांनी जरा थांबून विचार करावा.)

आता धोक्याचं बोलू. डिसेंबर 2024 च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत निघाला बर्ड फ्लू. ज्या आजाराची आपण कोंबड्यांपुरती भीती बाळगत होतो, तो आपल्या शहराला लागून असलेल्या पिंजऱ्यांत वाघांना मारून गेला. त्या बातमीवर आपण हळहळलो आणि पुढे सरकलो. पण पिंजरे धुणाऱ्या, मांस टाकणाऱ्या, मेलेला प्राणी उचलणाऱ्या हातांचं काय, हा प्रश्न त्याच बातमीत होता. तेव्हा तुम्ही कुठंही स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर पहिला प्रश्न विचारा, ‘हातमोजे आणि मास्क कोण देणार?’ दुसरा, ‘रेबीजची आधीच घ्यायची लस दिली जाते का?’ कोल्हा, माकड, उदमांजर हाताळणाऱ्याला चावा बसण्याआधी ही लस हवी. विचारताना लाजू नका. या प्रश्नांवर एखादी संस्था नाराज होत असेल तर तिथून निघालेलं बरं.

सापांचंही तेच. मण्यार आणि कवड्या, दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिकट होतात. मण्यारचे साधारण उलटे, डोक्यापाशी नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात आणि अनेकदा जोडीनं येतात. पुस्तकात हे सोपं वाटतं. रात्री अकरा वाजता, मोबाइलच्या उजेडात, मागे पंधरा माणसं ‘पकड ना भाऊ’ म्हणत असताना सोपं राहत नाही. कवड्या चावला तर काही होत नाही. मण्यार चावली तर दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत श्वास बंद पडू शकतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख लोक गेले. साप ओळखणारी माणसंही यातून सुटलेली नाहीत. हातात नाग धरून, फणा कॅमेऱ्याकडे वळवून रील बनवणारा शूर नसतो. तो फक्त अजून चावला गेलेला नसतो. शिवाय तो गुन्हाही करत असतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत बसलाय. साप घरी ठेवणं, खेळवणं, शाळेत नेऊन दाखवणं, सगळं त्यात आलं.

वर्दीतल्यांनाही हे काम सोपं नाही. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्याच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदवत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या गणनेचा निकाल आला तेव्हा ‘महाराष्ट्रात 444 वाघ’ हा आकडा आपण सगळ्यांनी अभिमानानं शेअर केला. तो आकडा अशाच पायांनी चालून गोळा झालाय. पहाटे उठून ठरलेल्या वाटेवर चालायचं, विष्ठा, पगमार्क, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे. मग सरळ रेषेत दोन किलोमीटर चालून दिसलेला प्रत्येक चितळ, सांबर, गवा लिहायचा. बरेच दिवस वाघ सोडा, त्याची शेपटीही दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोट.

वाडीतल्या घरांचा हिशेब आपल्याला माहीत आहे. कुणाचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणाचे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, कुणाची आई शिवणकाम करते. मुलगा पदवीनंतर दोन वर्षं ‘अनुभव’ म्हणून फुकट राबला, तर त्या दोन वर्षांचं भाडं कोण भरणार? ज्याच्या घरी गाडी, कॅमेरा आणि धीर आहे, तो थांबू शकतो. बाकीचे कॉल सेंटरला जातात. म्हणजे जंगलावर सगळ्यात जास्त जीव असणारी पोरं गळतात, आणि उरतात ती परवडणारी. हे आम्हाला पटत नाही. स्वयंसेवा म्हणजे रविवारची आणि सुट्टीची. रोज आठ तास, ठरलेल्या ड्युटीवर, वर्षभर कुणी राबत असेल तर ती नोकरी आहे, आणि नोकरीला पगार असतो. वन्यजीव वाचवण्याच्या नावाखाली हा नियम बदलत नाही.

2025 च्या पावसाळ्यात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि 10 लाखांचं अपघात विमा कवच देण्याची घोषणा केली. घोषणा चांगलीच आहे. पण तुमच्या ओळखीच्या सर्पमित्राला विचारा, कार्ड हातात पडलं का? नसेल पडलं तर त्याच्यासोबत वनविभागाच्या कार्यालयात जा आणि अर्ज कुठं द्यायचा ते विचारा. चार जण गेले की जरा लवकर ऐकलं जातं.

करिअरच्या वाटा आहेत, फक्त त्या रीलमध्ये दिसत नाहीत. सगळ्यात जवळची म्हणजे वनरक्षक भरती. बारावीवर होते. पण त्यात चालण्याची चाचणी असते, चार तासांत मुलांना 25 आणि मुलींना 16 किलोमीटर. अंबाझरीच्या पाळीवर रोज सकाळी चालायला लागलात तर आजपासून तयारी सुरू झाली समजा. पदवीनंतर एमपीएससीची वनसेवा आहे, त्यातून वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक होता येतं. त्यावर यूपीएससीची भारतीय वनसेवा. संशोधनात जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस इथं वन्यजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. जागा मोजक्या, आणि दरवर्षी प्रवेश निघतीलच असं नाही, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवा. पशुवैद्यक व्हायचं असेल तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज दारातच आहे. आणि जीआयएस, सांख्यिकी, लेखापाल, शिक्षक, वकील, हेही लागतात संवर्धनाला. कॅमेरा ट्रॅपमधले हजारो फोटो निवडायला बसणारा माणूस जंगलात कमी आणि खुर्चीत जास्त असतो, पण त्याच्याशिवाय गणना पूर्ण होत नाही.

या सगळ्या वाटांवर एक गोष्ट कामाला येते, आणि ती फुकट आहे. वही. तारीख, वेळ, जागा, हवामान, काय दिसलं, किती. मारुती चितमपल्ली आयुष्यभर हेच करत राहिले. वनखात्यात साडेतीन दशकं नोकरी, निवृत्तीनंतर नागपुरात मोठा काळ वास्तव्य, आणि जून 2025 मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी गेले तेव्हा मागे पक्षीकोशासारखं काम ठेवून गेले. गोंड, कोरकू, मच्छीमार, पारधी यांच्या तोंडचे शब्द त्यांनी टिपून ठेवले म्हणून ते आज मराठीत आहेत. ते पगारी वनाधिकारी होते, हेही विसरू नका. घर चालत होतं म्हणून वही चालली.

आता तुमच्याच वाडीचं बघा. गोदामांत कुठल्या महिन्यात कुठले साप निघतात, किती मारले जातात, किती सोडले जातात, कुठं सोडले जातात, याच्या नोंदी पोरांच्या डोक्यात आहेत आणि व्हॉट्सअॅपवर वाहून गेलेल्या आहेत. दोन पावसाळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात मांडल्या तर एक बरा पदवी प्रकल्प होईल, आणि गोदाममालकाला उंदरांचा बंदोबस्त कधी करायचा तेही कळेल. मुलाखतीत ‘मी शंभर साप पकडले’ म्हणणारे पुष्कळ येतात. शंभर सापांची तारीखवार यादी घेऊन येणारा क्वचित.

कॉलेजांकडे आमचं एक मागणं आहे. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास भरायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते मैदान झाडण्यात आणि रॅलीत जातात. वन्यजीव केंद्रात किंवा वनविभागाच्या गणनेत दिलेले तास त्यात धरा, जाण्यायेण्याचं भाडं द्या आणि जाण्याआधी लस अन् विम्याचा कागद तपासा. प्राचार्यांच्या एका सहीचं काम आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा एनएसएसच्या सरांना हे विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला लिहून पाठवा.