विश्लेषण : तिसरीपासून ‘एआय’, पण शिक्षकांच्या तंत्रकौशल्याचे काय?

शैक्षणिक वर्ष २०२६-२७ पासून तिसरी व पुढच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांची ओळख करून देण्याचा निर्णय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. निर्णय काळाला धरून आहे. प्रश्न इतकाच, की हे शिकवणार कोण? देशातील शालेय शिक्षकांची संख्या २०२४-२५ मध्ये प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. त्यांतील अनेकांनी डी.एड. किंवा बी.एड. केले, तेव्हा स्मार्टफोन हातात नव्हता आणि ‘एआय’ हा शब्द अभ्यासक्रमात नव्हता. या शिक्षकांना नेमके कोणते तंत्रकौशल्य हवे, ते कुठून मिळेल आणि आज ते मिळण्यात कशाची आडकाठी आहे?

उपकरणे शाळेपर्यंत पोहोचली का?

शाळेत संगणक आणण्याचे प्रयत्न भारतात नवे नाहीत. केंद्राचा ‘क्लास’ हा प्रकल्प १९८४ मधला, तर शाळांसाठीची ‘आयसीटी’ योजना डिसेंबर २००४ मधली. ‘यूडायस प्लस’च्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. वर्षभरात हे प्रमाण अनुक्रमे ६४.७ आणि ६३.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे वेग चांगला आहे, तरीही तीनपैकी एका शाळेत संगणक किंवा इंटरनेट नाही.

मुलांच्या घरी मात्र फोन आधीच पोहोचला आहे. ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. फोन कसा चालवायचा हे मुलांना शिकवावे लागत नाही. तो कशासाठी वापरायचा, हे शिकवण्याची गरज आहे आणि त्या जागी शिक्षक लागतो.

शिक्षकांना तंत्रज्ञान येत नाही, हे खरे का?

सरसकट नाही. महाराष्ट्रातील शिक्षकांना सेवेसाठी ‘एमएस-सीआयटी’सारखे संगणक प्रमाणपत्र मिळवावे लागले. मुदतीत ते न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढीच्या वसुलीवरून वादही झाले. राज्यात २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरणे सुरू झाले. त्यात पुढे ‘यूडायस प्लस’, पोषण आहाराची दैनंदिन नोंद, आधार पडताळणी आणि ‘अपार’ क्रमांक यांची भर पडली. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी ‘अतितातडीचे’ म्हणून लिंक येते आणि दुपारपर्यंत माहिती भरून स्क्रीनशॉट टाकावा लागतो. रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन फॉर्म भरणारे शिक्षकही आहेत.

म्हणजे शिक्षक तंत्रज्ञान वापरतात, आणि भरपूर वापरतात. मात्र त्यातील मोठा भाग कारकुनी स्वरूपाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई करते. रोजची ऑनलाइन माहिती यात कुठे बसते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. यातून शिक्षकाच्या मनात तंत्रज्ञान म्हणजे ‘वरून आलेले काम’ असे समीकरण बसते. वर्गात शिकवताना ते मदतीला घ्यावे, असे मग सहजासहजी वाटत नाही.

वर्गासाठी लागणारे कौशल्य वेगळे कसे?

भारतीय वंशाचे शिक्षणतज्ज्ञ पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये यासाठी ‘टीपॅक’ ही चौकट मांडली. तिचे सार सोपे आहे. विषयाचे ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वेगळी खाती नाहीत. चांगला शिक्षक तिन्ही एकत्र जुळवतो आणि हे जुळवणे हेच खरे कौशल्य असते.

अपूर्णांकांचा धडा घेऊ. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे अनेक मुलांना वाटते. शिक्षकाने या पाठाचा तयार व्हिडिओ लावला, तर मुले शांत बसतील, पण गैरसमज तसाच राहू शकतो. दुसरा शिक्षक आधी कागदाच्या घड्या घालायला लावेल किंवा एका भाकरीचे तिघांत आणि चौघांत वाटे करायला सांगेल. मग ‘जिओजेब्रा’सारख्या मोफत साधनात छेद वाढवत नेला की प्रत्येक वाटा कसा लहान होत जातो, हे दाखवेल. शेवटी दोन प्रश्न विचारून कोणाचा गैरसमज उरला आहे, ते तपासेल. दोघांकडे उपकरण एकच आहे. फरक पडला तो ते कधी वापरायचे, याच्या निर्णयामुळे. एखाद्या पाठाला पडद्याची गरजच नाही, हे ओळखणे हाही त्याच कौशल्याचा भाग आहे.

नुसती उपकरणे दिली तर काय होते?

याचे उत्तर पेरू देशाने मोठा खर्च करून मिळवले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत तिथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ३१९ प्राथमिक शाळांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मुलांचा संगणकाचा वापर वाढला होता. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली, तर लॅपटॉपने निकाल बदलत नाही, हा त्यातला धडा. तरीही युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार, शिक्षकांच्या तंत्रकौशल्यासाठी निश्चित मानके असलेले देश जगात जेमतेम निम्मे आहेत.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

राज्यात या आघाडीवर उत्तम कामे झाली आणि ती बहुतेक खालून वर आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा जिल्हा परिषद शाळेने डिजिटल वर्गाचा नमुना उभा केला. त्यानंतर गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसाठी ते ओळखले जातात. पण त्यांच्या कामाचा गाभा केवळ कोड छापण्यात नव्हता. मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे लक्षात घेऊन त्यांनी शिकवण्याचा मजकूर बदलला होता.

करोनाकाळात ‘दीक्षा’ ॲपवरून राज्याची अभ्यासमाला सुरू होती. तेव्हाच सोलापूरच्या नीलमनगर भागातील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण अनेक कामगार कुटुंबांकडे स्मार्टफोन नव्हता. मुलांच्या हाती कोणते माध्यम आहे, हे ओळखून त्यांनी शिकवण्याचा मार्ग निवडला. ‘टीपॅक’ म्हणते ते हेच.

या यशाची दुसरी बाजूही आहे. हे कौशल्य व्यक्तीपाशी राहते, शाळेत मुरत नाही. ज्याने डिजिटल वर्ग उभा केला, त्याची बदली झाली की प्रोजेक्टर कपाटात जातो. वीजबिल थकले किंवा दिवा जळाला, तर दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद नसते. माध्यमिक शाळांत ‘आयसीटी’ प्रयोगशाळा आल्या, पण तिथले संगणक शिक्षक कंत्राटी होते. कंत्राट संपले की प्रयोगशाळेला कुलूप, हे चित्र अनेक ठिकाणी दिसले. विषय शिक्षकांना त्या प्रयोगशाळेशी जोडलेच गेले नव्हते.

प्रशिक्षणे होतात, तरी अडते कुठे?

प्रशिक्षणांची संख्या कमी नाही. केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये ४२ लाख शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला आणि करोनानंतर तो ‘दीक्षा’वर ऑनलाइन गेला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. अडचण मोजमापात आहे. किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि किती प्रमाणपत्रे निघाली, हे मोजले जाते. प्रशिक्षणानंतर वर्गातला एखादा पाठ बदलला का, हे कोणी पाहत नाही. शिवाय प्रशिक्षण शाळा सुटल्यावर, स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर घ्यायचे असेल, तर ते उरकण्याकडे कल जाणारच.

केरळने वेगळी वाट धरली. तिथे ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्यातून ‘काइट’ ही सरकारी कंपनी आकाराला आली. शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वापरले गेले आणि सेवेतील शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले. २०२४ मध्ये ‘काइट’ने ८० हजार माध्यमिक शिक्षकांसाठी ‘एआय’चे तीन दिवसांचे प्रशिक्षण हाती घेतले, तेव्हा प्रशिक्षकांचे हे जाळे आधीच तयार होते. जे काम व्हिडिओ मालिकेने होत नाही, ते शेजारच्या शाळेतील शिक्षक समोर बसून करू शकतो.

‘एआय’मुळे नवे काय आले?

‘एआय’ प्रश्नपत्रिका काढून देते, एकच उतारा तीन काठिण्यपातळ्यांवर लिहून देते आणि बहुवर्ग शिक्षकाचा वेळ वाचवते. तेच साधन चुकीची माहितीही ठामपणे देते. इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकुराचा साठा कमी असल्याने मराठीतील उत्तरे अधिक काळजीने तपासावी लागतात. निबंध घरी लिहून आणा, या गृहपाठाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. मुलाने उत्तर कसे गाठले, हे वर्गात विचारावे लागेल. म्हणजे मूल्यमापनाची पद्धतच बदलावी लागेल.

दुसरा मुद्दा मुलांच्या माहितीचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांचे फोटो, आधार क्रमांक आणि गुण व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवण्याची सवय पाहता, माहिती कुठे टाकायची नाही हे कळणे हेही तंत्रकौशल्यच मानायला हवे. त्याचे प्रशिक्षण शिक्षकांइतकेच, ती माहिती मागवणाऱ्या कार्यालयांनाही लागेल.

पुढे काय करायला हवे?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शिक्षकाचा वेळ परत देणे. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या पोर्टलने आपोआप घ्यावी, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. नव्या पोर्टलला मंजुरी देण्यापूर्वी जुने कोणते बंद होणार, हे विचारले गेले पाहिजे. दुसरे, राज्यात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच. परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी तिथे एका शिक्षकाने आपला एक पाठ दाखवावा आणि इतरांनी पुढच्या महिन्यात तो करून पाहावा. तिसरे, उपकरण खरेदीच्या प्रत्येक निविदेत देखभाल आणि प्रशिक्षणाचा खर्च धरावा. चौथे, ५० तासांचे मोजमाप प्रमाणपत्रावर नव्हे, तर वर्गात घेतलेल्या पाठांवर व्हावे.

तिसरीतले मूल ‘एआय’ शिकेल की नाही, हे पुस्तक छापून झाल्यावर ठरणार नाही. मुलाने ‘हे मशीन सांगते ते खरे असते का?’ असे विचारल्यावर शिक्षकाला थांबून, ‘चला, तपासून पाहू,’ म्हणता आले पाहिजे. त्यासाठी शिक्षकाकडे कौशल्य लागेल आणि वेळही. दुपारपर्यंत लिंक भरायची घाई असेल, तर हा प्रश्न ‘नंतर बघू’वर जाईल.